शेजारचं बंद घर आणि शनिवारचा बेत

वाचक भगिनीचं पत्र:

नमस्कार मॅडम,

नाशिकला सिडकोत पवननगरच्या बाजूला आमचं घर आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून याच गल्लीत. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, तिन्ही शिफ्ट असतात. आमच्या शेजारचे आजोबा वारले तेव्हापासून त्यांचं घर बंद आहे. मुलं बाहेरगावी. मागच्या दाराचं कुलूप तुटलं आणि संध्याकाळ झाली की तिथे पोरं बसायला लागली. दारू तर आहेच, गांजाचा वासही येतो. समोरच्या घराच्या मालकाने वरच्या खोल्या भाड्याने दिल्यात, तिथे रात्री-बेरात्री अनोळखी लोकांची ये-जा असते. मागच्या महिन्यात गल्लीतल्या गाड्यांच्या काचा फुटल्या, कोपऱ्यावरच्या काकूंची पोत ओढून नेली. पोलिसांना फोन केला की गाडी येते, पोरं पळतात, गाडी गेली की परत येतात.

आता गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलंय की शनिवारी रात्री पुरुषांनी काठ्या घेऊन जायचं. पोरांचे फोटोही टाकलेत. त्यातला एक आमच्या वहिनींचा मुलगा आहे, म्हणजे दोन घरं सोडून राहतात त्या. तो सतरा वर्षांचा, दहावीनंतर घरीच आहे. वहिनींनी आता सगळ्यांशी बोलणं सोडलंय. मिस्टर म्हणतात घर विकून पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट घेऊ. मुलगी बारावीला आहे, क्लासवरून यायला आठ वाजतात. तक्रार केली तर पोरं सूड घेतील का? आम्ही नेमकं काय करावं?

उत्तर:

ताई, आधी शनिवारचं बोलू, कारण बाकीच्या गोष्टींना महिने लागतील आणि शनिवार दारात आला आहे.

तो बेत थांबवा. तुमच्या मिस्टरांना सांगा आणि इतर घरांतल्या बायकांनाही आपापल्या घरी सांगायला लावा. पाच किंवा अधिक माणसं मारहाणीच्या इराद्याने जमली की भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ नुसार तो बेकायदेशीर जमाव होतो. एखाद्या पोराचं डोकं फुटलं, तर गुन्हा दाखल होईल तो नोकरी करणाऱ्या, घराचे हप्ते भरणाऱ्या माणसांवर, आणि ग्रुपवरचे मेसेज हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरेल. समोरून कोयता निघाला तर काय, हेही कोणी बोललेलं दिसत नाही. शिवाय मार खाऊन गेलेली पोरं शहर सोडून जात नाहीत. पुढच्या आठवड्यात ती एकेकट्या माणसाला गाठतात, आणि शिफ्ट संपवून रात्री एकटे घरी येणारे तुमचे मिस्टरच असतात.

पुरुषांची चीड मात्र खोटी नाही. ती कामाला लावता येते. त्याच शनिवारी, त्याच माणसांनी संध्याकाळी सातला आपापल्या दारात खुर्च्या टाकून बसावं. बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं, सगळ्यांनी. सिडकोच्या गल्ल्या अरुंद आहेत, घराला घर लागून आहे. आठ-दहा घरं बाहेर बसली की बंद घराच्या मागे जाणाऱ्याला सगळ्यांच्या समोरून जावं लागतं. कोणाला शिवी द्यायची नाही, अडवायचं नाही. "कोणाचा रे तू? कुठे राहतोस?" एवढं विचारायला हरकत नाही. रोज जमणार नाही, पण आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी हे होत राहिलं तर क्लासवरून येणाऱ्या तुमच्या मुलीलाही रस्ता मोकळा वाटेल. तिचा क्लास बंद करू नका. गल्लीतल्या आणखी मुली त्या वेळी येत असतील तर बस थांब्यापासून त्यांनी बरोबर यावं आणि कोपऱ्यावर कोणीतरी मोठं माणूस असावं.

ग्रुपवरचे फोटो आजच काढून टाकायला सांगा. अठरा वर्षांखालचं मूल गुन्ह्यात अडकलेलं असेल तर त्याची ओळख जाहीर करायला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे, आणि त्यासाठी कैद किंवा दंड होऊ शकतो. पण कायद्याचं सोडा, त्या फोटोंमुळे वहिनी गल्लीपासून तुटल्या आहेत, आणि या कामात तुम्हाला त्यांची सगळ्यात जास्त गरज पडणार आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

तुमच्या पत्रात तीन त्रास एकमेकांत गुंतले आहेत: बंद घर, भाड्याच्या खोल्या आणि पोरं. आपण तिन्हींना मिळून "गुन्हेगारी वाढली" म्हणतो आणि सगळं पोलिसांवर टाकून मोकळे होतो. मग पोलीस येतात आणि जे दिसतं त्याच्या मागे धावतात, म्हणजे पोरांच्या. घर तसंच उघडं राहतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर पोलिसांनी "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" म्हणत मोठी मोहीम उघडली, सराइतांची धरपकड झाली. लोकांना बरं वाटलं, मलाही वाटलं. पण मोहीम शहराची असते. तुमच्या शेजारच्या मागच्या दाराला कुलूप लावणं हे तिचं काम नव्हे, ते मालकाचं काम आहे आणि मालकाकडून ते करवून घेणं तुम्हा शेजाऱ्यांना जमेल.

म्हणून माझं मत असं की पहिले दोन महिने सगळा जोर त्या घरावर लावा.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात याचा मोठा प्रयोग झाला. ५४१ पडीक जागा निवडल्या. काही तशाच ठेवल्या, बाकीच्यांपैकी अनेक जागांवर कचरा काढून गवत लावलं, झाडं लावली, कमी उंचीचं लाकडी कुंपण घातलं. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. गरीब वस्त्यांमध्ये अशा साफ केलेल्या जागांभोवतीचा बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी कमी झाला होता. तिथली परिस्थिती आपल्यापेक्षा फार वेगळी आहे, ते आकडे नाशिकला लावू नका. पण तिथे कोणाला पकडण्यावर भर नव्हता, फक्त जागेला कोणीतरी धनी आहे असं दिसायला लागलं, आणि तेवढ्याने फरक पडला. आपल्याकडेही अड्डा जमतो तो अंधार, आडोसा आणि "इथे विचारणारं कोणी नाही" ही खात्री, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात तिथेच.

मालक कसा शोधायचा? सरकारी वाट आहेच. घरपट्टी कोणाच्या नावाने निघते ते महापालिकेच्या नवीन नाशिक विभागीय कार्यालयात कळू शकतं. सिडकोचं घर असेल तर हस्तांतरणाच्या नोंदी सिडकोकडे असतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक दोन पाहता येते, त्यात घराची खरेदी-विक्री झाली असेल तर नावं सापडतात. पण त्याआधी गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा. आजोबांच्या दशक्रियेला पंचवटीत कोण कोण आलं होतं? त्यांची भिशी कुठे होती, औषधं कुठल्या मेडिकलमधून यायची, कंपनीतले मित्र कोण? एखाद्या भाच्याचा किंवा व्याह्याचा नंबर अशाच ठिकाणी मिळतो, आणि नात्यातल्या माणसाने लावलेला फोन मुलं उचलतात.

फोनवर भांडू नका. वडील गेल्यावर घर असं पडून राहतं तेव्हा बहुतेक वेळा वारस नोंद झालेली नसते, भावंडांत कोणी काय घ्यायचं ते ठरलेलं नसतं, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण कुलूप लावायला गेलो तर दुसरा म्हणेल ताबा घेतला. तुम्ही त्यांच्या वाटणीत पडू नका. एवढंच सांगा: घराचं मागचं दार तुटलंय, आत काय चालतं ते असं असं आहे, आणि उद्या तिथे काही सापडलं तर पोलीस सगळ्यात आधी तुम्हाला शोधतील. ही धमकी समजू नये असं म्हणा, कारण खरंच ती नाही. अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २५ प्रमाणे जो मालक जाणूनबुजून आपली जागा अशा धंद्याला वापरू देतो तोही शिक्षेला पात्र ठरतो. आज ते म्हणू शकतात की आम्हाला माहीतच नव्हतं. तुमचं सह्यांचं पत्र हातात पडल्यावर तसं म्हणता येणार नाही. म्हणून फोननंतर पत्र नक्की पाठवा, स्पीड पोस्टाने, आणि पावती व पत्राची प्रत जपून ठेवा.

पत्रात मागणी छोटी आणि स्पष्ट ठेवा. मागच्या दाराला लोखंडी जाळी आणि कुलूप, आवारातलं गवत काढणं, दारावर एक दिवा, आणि किल्ली गल्लीतल्या एका विश्वासाच्या घरी. यायला जमत नसेल तर लेखी परवानगी द्या, वेल्डर आम्ही बोलावतो, खर्च तुम्ही पाठवा किंवा आधी आम्ही वर्गणी काढतो, असंही लिहा. अनेक मालक याला लगेच हो म्हणतात, कारण त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. परवानगीशिवाय मात्र आत पाऊल टाकू नका, स्वतःचं कुलूपही ठोकू नका. हेतू कितीही चांगला असला तरी तो अतिक्रमणाचा गुन्हा ठरू शकतो. एखादं कुटुंब भाड्याने ठेवायची त्यांची तयारी झाली तर त्याहून चांगलं काही नाही.

मालक सापडलाच नाही, किंवा सापडून दाद देत नसेल, तर महापालिका. जी जागा घाणीने भरली आहे किंवा नीट कुंपण नसल्यामुळे शेजाऱ्यांना उपद्रव होतो आहे, तिच्या मालकाला ती साफ करा, बंदिस्त करा अशी नोटीस द्यायचा अधिकार आयुक्तांना महापालिका कायद्याने दिलेला आहे. बांधकाम पडायला आलं असेल तर त्याच अधिनियमाचं कलम २६४ आहे. पावसाळ्यापूर्वी जुन्या नाशकातल्या वाड्यांना, काझीच्या गढीवरच्या घरांना धोकादायक म्हणून नोटिसा जातात ते तुम्ही दरवर्षी पेपरात वाचता. तसा अर्ज सिडकोतल्या घरासाठीही करता येतो. विभागीय अधिकाऱ्यांच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर पोच घ्या. शिक्का आणि आवक क्रमांक नसलेला अर्ज दिला काय, न दिला काय, सारखंच. बरोबरीने महापालिकेच्या ई-कनेक्ट ॲपवरही फोटोसह तक्रार टाका.

त्यापुढची पायरी फार लोकांना माहीत नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३, सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी आहे. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला तर ते चौकशी करून मालकाला ठरावीक मुदतीत उपद्रव दूर करायचा आदेश देऊ शकतात. याच कलमाच्या जोरावर मध्य प्रदेशातल्या रतलामच्या एका वस्तीने उघड्या गटारांसाठी चक्क नगरपालिकेलाच उभं केलं होतं, आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पैसे नाहीत ही सबब नगरपालिकेला चालणार नाही. ती साधी राहती माणसं होती. तुमच्या गल्लीसारखीच.

आता समोरच्या खोल्या. इथे मला तुम्हाला सावकाश जायला सांगायचं आहे.

अंबड आणि सातपूर या वसाहती चालतात त्या खानदेश, मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या आणि चौघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या पोरांवर. त्यांच्याही शिफ्ट असतात. रात्री बाराला जिना चढणारा माणूस सेकंड शिफ्टवरून आलेला असू शकतो. त्यामुळे चेहरा, भाषा, गाव, जात, धर्म यावरून काहीही लिहून ठेवू नका, ग्रुपवर तर मुळीच नको. घटना लिहा: दिवस, वेळ, काय घडलं, गाडीचा नंबर. दहा-दहा मिनिटांसाठी येऊन पुडी घेऊन जाणारी माणसं रोज दिसत असतील तर ती नोंद कामाची. नुसती "संशयास्पद मुलं राहतात" ही नोंद कोणाच्याच कामाची नाही, आणि तिच्यामुळे निरपराध माणसाचं घर जाऊ शकतं.

घरमालकाकडे मात्र हक्काने जा, कारण तो तुमच्यातच राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात किंवा पोलिसांच्या संकेतस्थळावर द्यायची असते, ती दिलीय का विचारा. भाडेकरू शेजाऱ्यांना उपद्रव देत असेल तर त्याच कायद्याच्या कलम १६ खाली मालकाला जागा परत मागता येते. बरेच मालक म्हणतात, "मी काय करू, ते ऐकत नाहीत." तेव्हा हे कलम त्यांना दाखवा. एका शेजाऱ्याने एकटं जाऊन बोललं की भांडण होतं. चार घरांनी मिळून, त्यातल्या दोन बायका, दिवसाउजेडी चहाच्या वेळी गेलं की बोलणं होतं.

आणि काही मोठं आहे अशी खरी शंका आली, उग्र रसायनांचा वास, रात्री पिंपं उतरवणं असं काही, तर स्वतः डोकावायला जाऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी आपल्याच शिंदे गावच्या औद्योगिक वसाहतीत एमडी (मेफेड्रोन हा अंमली पदार्थ) बनवणारा कारखाना उघडकीस आणला, तेव्हा सगळं नाशिक हादरलं होतं. अशा लोकांशी गल्लीने टक्कर घ्यायची नसते. १९३३ ही अंमली पदार्थांबद्दल माहिती देण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, नाव न सांगता माहिती देता येते.

पोलिसांबद्दल तुम्ही लिहिलंत की गाडी येते आणि जाते. एक विचारते: काकूंची पोत गेली त्याची एफआयआर झाली का? काचा फुटल्या त्याची? गल्लीत विचाराल तर बहुतेक जण सांगतील, फोन केला होता, किंवा ठाण्यात जाऊन सांगून आलो. ११२ वर केलेला फोन म्हणजे एफआयआर नव्हे. गस्त कुठे वाढवायची, बीट मार्शल कुठे जास्त फिरवायचे हे ठाण्याच्या नोंदींवरून ठरतं. तुमच्या गल्लीत वर्षभर घटना घडल्या आणि कागदावर एकही नाही, तर ठाण्याच्या लेखी तुमची गल्ली शांत आहे.

पोत ओढणं हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच स्पष्ट केलंय. आता ऑनलाइन खबर देऊन तीन दिवसांत सही करायचीही सोय आहे. फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात टाळाटाळ झाली तर पोलीस उपायुक्तांना लेखी कळवा, आणि तरी नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. काकूंना एकटं पाठवू नका. गल्लीतलं कोणी शिकलेलं, शांत बोलणारं माणूस बरोबर द्या. तक्रार महिना उलटून दिली तरी चालते, उशीर का झाला ते त्यात लिहायचं.

घरात एक साधी वही करा. रोजची घटना दोन ओळींत, तारीख आणि वेळ घालून. महिन्याने त्या वहीची एक पानभर गोळाबेरीज करून वरिष्ठ निरीक्षकांना अर्ज द्या: आठवड्याच्या कोणत्या वारी, किती ते किती, कुठल्या दारातून. "पोलिसांनी लक्ष घालावं" या अर्जावर काय करायचं ते पोलिसांना कळत नाही. "शुक्रवार ते रविवार, रात्री नऊ ते अकरा, मागचं दार" यावर बीट अंमलदाराला गस्त लावता येते.

सूडाची भीती तुम्ही विचारलीत, आणि ती रास्त आहे. सूड उगवला जातो तो एकट्या दिसणाऱ्या घरावर. म्हणून दरवेळी फोन तुमच्याच मोबाइलवरून जाऊ देऊ नका, घरं पाळीने वाटून घ्या. अर्जावर सह्या एकाखाली एक न घेता गोलाकार घ्या, म्हणजे पहिली सही कोणाची हे कळतच नाही. जुनी युक्ती आहे, आजही चालते. निदान पंधरा घरांच्या सह्या होईपर्यंत अर्ज देऊ नका. आणि त्या टोळक्यात एखादा सराईत, वयाने मोठा, हत्यार दाखवणारा असेल तर त्याच्यासाठी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ ची तडीपारी आहे. दोन वर्षांपर्यंत त्याला हद्दीबाहेर काढता येतं. लोक भीतीने उघड साक्ष देत नाहीत हे त्या कायद्यानेच गृहीत धरलंय, त्यामुळे असे जबाब गुप्तपणे घेतले जातात आणि नावं उघड केली जात नाहीत. वरिष्ठ निरीक्षकांना भेटून याची विचारणा करा. पण हे त्या एका-दोघांसाठी. सगळ्या पोरांना एकाच यादीत घालायचं नाही.

वहिनींच्या मुलाचं आता.

त्यांच्याकडे तुम्ही जा, एकट्या, दुपारी. घोळका घेऊन नको, आणि "तुमच्या मुलाला आवरा" हे वाक्य तोंडात येऊ देऊ नका. ते त्यांनी ग्रुपवर वाचलंय. ग्रुपवरचे फोटो काढून टाकायला मी सांगितलंय, एवढं सांगून सुरुवात करा. मग ऐका. त्यांना माहीत नसेल असं तुमच्याकडे फार काही नसेल. ज्या आईचा मुलगा असा वाटेला लागतो ती रात्र-रात्र जागी असते, आणि गल्लीने वाळीत टाकल्यावर तिच्याजवळ कोणाला विचारायचं हेही उरत नाही.

शिकागो शहरात १९९५ साली संशोधकांनी ३४३ वस्त्यांमधल्या ८,७८२ लोकांना घरोघरी जाऊन प्रश्न विचारले होते. त्यातला एक असा: शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असलेली मुलं दिसली तर तुमचे शेजारी काही करतील का? ज्या वस्त्यांतले लोक "हो, करतील" म्हणाले आणि एकमेकांवर विश्वास ठेवून होते, तिथे हिंसाचार कमी होता. तशीच गरिबी असलेल्या वस्त्यांशी तुलना करूनही कमी होता. मला हे वाचून आपल्या जुन्या आळ्या आठवल्या, जिथे कोणाचाही मुलगा सिगारेट ओढताना दिसला तर शेजारचे काका कान धरायचे आणि आई भांडायला न येता उलट आभार मानायची. ते काका दरारा ठेवून होते, पण त्याच मुलाच्या परीक्षेला पेनही आणून द्यायचे. तुमच्या गल्लीत आज दराऱ्याची तयारी झाली आहे, पेनाची कोणी केलेली नाही.

तर त्या मुलासाठी ठोस काहीतरी घेऊन जा. दहावी पास असेल तर सातपूरच्या शासकीय आयटीआयचे प्रवेश उन्हाळ्यात सुरू होतात, अर्ज कसा भरायचा ते गल्लीतल्या एखाद्या मुलाने बसून दाखवावं. कॉलेजला जायची लाज वाटत असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देता येते. शनिवारी काठी घेऊन निघालेल्या पुरुषांपैकी चार-पाच जण कंपन्यांत सुपरवायझर असतील. अठरा पूर्ण झाल्यावर ॲप्रेंटिससाठी शब्द टाकीन, असं त्यातल्या एकाने त्या मुलाला समोर बसवून सांगावं. व्यसन लागलं असेल तर १४४४६ ही नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे आईही फोन करू शकते. आणि मुलगा सुधारेलच अशी अट घालू नका. काही मुलं दोनदा परत घसरतात.

एक व्यवहाराची गोष्टही आहे. कोणतं पोरगं नुसतं बसायला येतं, कोण पुडी आणतो आणि कोणाला सगळे घाबरतात, हे गल्लीत दुसऱ्या कोणापेक्षा वहिनींना जास्त माहीत असणार. त्यांच्याकडून माहिती काढायला म्हणून जाऊ नका. पण त्यांना पुन्हा गल्लीत घेतलंत तर ती आपोआप तुमच्यापर्यंत येईल.

पथदिवे आणि कॅमेऱ्यांचं थोडक्यात: बंद दिव्याच्या खांबाचा क्रमांक टाकून ई-कनेक्टवर तक्रार करा, हे काम बऱ्याचदा लवकर होतं. कॅमेरा घ्यायचाच तर वर्गणीतून, गल्लीच्या दोन्ही टोकांना, कोणाच्या दारात किंवा खिडकीत न डोकावणारा. चित्रण फक्त पोलिसांना द्यायचं, ग्रुपवर नाही. पैसे कमी असतील तर आधी दिवा, मग कॅमेरा.

घर विकायचं का? आत्ता नको. अड्ड्याशेजारचं घर म्हणून तुम्हाला भाव पडूनच मिळेल, आणि पाथर्डी फाट्याच्या नव्या सोसायट्यांतही गुंतवणूक म्हणून घेऊन बंद ठेवलेले फ्लॅट असतात. मालकाने जाळी लावली, आठ-दहा घरं टिकून राहिली, तरीही सहा महिन्यांत मुलीला संध्याकाळी बाहेर पडायची भीती वाटत असेल, तर जरूर विका. मुलीच्या जिवापुढे गल्ली मोठी नाही, आणि तसं केलंत तर कोणी तुम्हाला पळून गेलात म्हणू नये.

या आठवड्यात मालकाच्या नातेवाइकाचा नंबर शोधा आणि वहिनींकडे जाऊन या. महापालिकेच्या अर्जाची पोच मिळाल्यावर महिनाभरात काही हललं नाही, तर दहा रुपयांचं शुल्क भरून माहिती अधिकारात विचारा की आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, कोणत्या अधिकाऱ्याकडे तो आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर आणि मालकाचं उत्तर, दोन्ही मला पाठवा. कलम १५२ चा अर्ज कसा मांडायचा हे त्यावर अवलंबून आहे, तो मजकूर आपण मिळून तयार करू.